तोट्यातले भागीदार : प्रस्तावना

1929 साली हैदराबादच्या निजाम सरकारने तिजोरीतून एक कोटी रुपये वेगळे काढले आणि त्याला 'इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड' असे नाव दिले. संस्थानात कारखाने निघावेत, त्यांना भांडवल कमी पडू नये, गरज पडली तर सरकारनेच त्यांचे शेअर घ्यावेत, असा त्यामागचा हेतू. या फंडाचा पैसा नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत होता, वरंगलच्या आझमजाही गिरणीत होता आणि बोधनच्या निजाम साखर कारखान्यातही होता. बोधन म्हणजे नायगाव-बिलोलीच्या माणसाला काही परका मुलूख नव्हे. नांदेडची गिरणी बंद पडून जमाना झाला, बोधनचे गाळपही 2015च्या अखेरीस थांबले. मात्र ज्या अमेरिकेला जोखीमभांडवलाच्या, म्हणजे व्हेंचर कॅपिटलच्या, धंद्याची जन्मभूमी म्हणतात, तिथली पहिली मोठी जोखीमभांडवल कंपनी निघाली 1946 साली. आपल्या भागात तशाच विचाराचा सरकारी फंड त्याच्या सतरा वर्षे आधी उभा होता, हे आपल्याच पाठ्यपुस्तकांत कुठे सापडत नाही.

त्या फंडाचा कारभार एका खात्याने पाहिला. खात्याचा अहवाल निघतो, चरित्र निघत नाही. हे पुस्तक चरित्रांचे आहे. दुसऱ्याच्या कल्पनेवर पैसा लावणे हाच ज्यांनी आयुष्यभराचा व्यवसाय केला, अशा माणसांची ही आयुष्ये आहेत. मराठीत उद्योजकांची चरित्रे पुष्कळ झाली. उद्योजकाच्या मागे पैसा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही, आणि पाहिले तेव्हा एक तर देवमाणूस म्हणून किंवा सावकार म्हणून. तो दोन्ही नाही.

मराठवाड्यात पैसा मागायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न तारणाचा येतो. सातबारा कुणाच्या नावावर, बोजा किती, जामीनदार कोण. आडत्याची उचल असो, सोसायटीचे पीककर्ज असो की बँकेची कॅश क्रेडिट, पीक बुडाले तरी देणे बुडत नाही. बटई तेवढी वेगळी. रान एकाचे, राबणूक दुसऱ्याची, खर्च ठरल्याप्रमाणे, आणि जे पिकेल ते वाटून. पाऊस दगा देऊन गेला तर दोघेही हात झाडून उठतात. मालक कष्ट करणाऱ्याच्या दारात वसुलीला जात नाही. व्हेंचर कॅपिटलिस्ट हा या बटईतला माणूस आहे. तो कर्ज देत नाही, कंपनीचा हिस्सा विकत घेतो. कंपनी बुडाली तर त्याचेही बुडते. पण त्याची बटई विचित्र आहे. दहा रानांत तो पेरतो, त्यातली सहा-सात करपणार हे धरूनच चालतो, आणि एखाद्या रानात शंभरपट पिकावे अशी त्याची अपेक्षा असते. एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन दरवर्षी इमानाने देणारे रान त्याला नको असते. म्हणून चांगली चालणारी दालमिल, जिनिंग किंवा हळदीचा कारखाना घेऊन त्याच्याकडे गेलात तर तो नम्रपणे नकार देईल. तुमच्या धंद्यात खोट आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याचे गणित तिथे बसत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट नवख्या वाचकाने आधीच समजून घ्यावी. या माणसांनी लावलेला पैसा बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांच्या ठेवी, विमा कंपन्या, धनाढ्य कुटुंबे यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांच्या बोलीने गोळा केलेला असतो. त्यावर दरसाल दोन टक्क्यांच्या आसपास व्यवस्थापन शुल्क आणि झालेल्या नफ्यातला वीस टक्के वाटा, ही त्यांची रूढ कमाई. म्हणजे उद्योजकाच्या दारात उभा असलेला हा माणूस स्वतःही कुणाच्या तरी दारात पैसे मागून आलेला असतो, आणि दहा वर्षांनी त्याला हिशेब द्यायचा असतो. आठव्या वर्षी तो 'कंपनी विका' किंवा 'शेअरबाजारात आणा' म्हणून मागे का लागतो, याचे उत्तर इथे आहे. त्याचा स्वभाव बदललेला नसतो.

या क्षेत्राचा मूळपुरुष म्हणून जॉर्जेस डोरियो यांचे नाव घेतात. 1899 साली पॅरिसमध्ये जन्मलेला, अमेरिकेत हार्वर्डला शिकवणारा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या पुरवठा खात्यात ब्रिगेडिअर जनरल झालेला हा प्राध्यापक. 1946 साली त्याने बोस्टनमध्ये 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही कंपनी चालवायला घेतली. 1957 साली त्यांनी डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत 70 हजार डॉलर घालून बहुतांश मालकी घेतली. चौदा-पंधरा वर्षांत त्या हिश्शाची किंमत 35 कोटी डॉलरच्या वर गेली. डोरियोंची इतर बहुतेक गुंतवणूक साधारणच होती, एकाच कंपनीने सगळ्यांचा तोटा भरून काढला. पुढच्या सगळ्या व्यवसायाचा नकाशा या एका हिशेबात आहे. डोरियो मात्र विकण्याची घाई करत नसत. कंपनी आजारी पडली म्हणून ती टाकून द्यायची नसते, असे मानणाऱ्या पिढीतले ते होते. त्या घराण्याला पुढे फारसे वारस लाभले नाहीत.

दुसरे घराणे आर्थर रॉक यांचे. 1957 साली कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठ तरुण शास्त्रज्ञ वैतागून बाहेर पडायच्या बेतात होते. त्यांच्यापैकी यूजीन क्लायनर यांनी वडिलांच्या दलालाच्या पेढीला पत्र लिहिले, ते न्यूयॉर्कमध्ये रॉक यांच्या हाती आले. रॉक यांनी कंपन्यांमागून कंपन्यांची दारे ठोठावली, नकार पचवले, आणि शेवटी उद्योगपती शर्मन फेअरचाइल्ड तयार झाले. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. पण करारात एक कलम होते : ठरलेल्या किमतीला सगळी कंपनी विकत घेण्याचा हक्क पैसेवाल्याकडे. दोन वर्षांत त्याने तो वापरला आणि आठही जण मालकाचे नोकर झाले. त्यातल्याच रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 साली इंटेल काढली, तेव्हा रॉक यांनी 25 लाख डॉलर उभे करून दिले, आणि या खेपेला संस्थापकांचा हिस्सा राखला गेला. यंत्र आणि बाजार याआधी माणूस पाहायचा, ही रॉक यांची रीत. त्यांच्या उलट डॉन व्हॅलेंटाइन. ट्रकचालकाचा मुलगा, फेअरचाइल्डमध्ये चिप विकून तयार झालेला. 1972 साली त्याने सिकोया ही गुंतवणूक फर्म काढली. त्याचे म्हणणे असे की बाजार मोठा असेल तर साधा माणूसही तरून जातो. याच वर्षी क्लायनर आणि टॉम पर्किन्स यांची कंपनी निघाली. पर्किन्स हे डोरियोंचे विद्यार्थी. त्यांनी आपल्याच कचेरीतल्या बॉब स्वान्सन या तरुणाला 1976 साली जेनेनटेक काढायला मदत केली आणि जैवतंत्रज्ञानाचा उद्योग सुरू झाला.

माणूस आधी की बाजार आधी, हा वाद आजही मिटलेला नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचे पुरावे नंतर जमवलेले वाटतात. यशस्वी कंपनीकडे मागे वळून पाहिले की माणूसही मोठा दिसतो आणि बाजारही. या पुस्तकाचा मला आवडलेला गुण हा की लेखकाने अशा माणसांच्या पडलेल्या डावांनाही जागा दिली आहे.

व्यक्तींच्या गोष्टी रंगतदार असल्या तरी या धंद्याला खरा पूर आला तो एका सरकारी खुलाशाने. 1979 साली अमेरिकेच्या कामगार खात्याने पेन्शन फंडांना अशा जोखमीत थोडा पैसा घालायला हरकत नाही, असे स्पष्ट केले. त्याच्या आदल्या वर्षी भांडवली नफ्यावरचा करही कमी झाला होता. शाळामास्तर आणि अग्निशामक दलाचे जवान यांच्या निवृत्तीचा पैसा गॅरेजमधल्या कंपन्यांत यायला लागला. हे वाचले की 'तिकडची माणसेच धाडसी' हे आपल्याकडचे पालुपद थोडे सैल पडते.

आता आपल्याकडे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून हलावे लागले तेव्हा कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच्या दोन वर्षे आधी, 1908 साली, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागत गोळा केलेल्या पैसाफंडातून तळेगावला काचकारखाना निघाला होता. आणि 1950च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्याच्या शेअरवर साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्याचे भागभांडवल, सरकारचा हिस्सा आणि हमी, वर वित्तसंस्थेचे कर्ज, हा साचा मग महाराष्ट्रभर गेला. नायगाव तालुक्यातला कुंटूरचा कारखाना याच साच्यातला. तो पुढे खाजगी मालकीत गेला. सहकारात जोखीम हजारोंमध्ये वाटली गेली, हे त्याचे मोठेपण. तोटा झाला की जाब विचारणारा एक माणूस उरला नाही, ही त्याची दुखरी जागा. व्हेंचर कॅपिटलिस्ट या दुसऱ्या बाबतीत कठोर असतो, पहिल्या बाबतीत त्याला रस नसतो.

भारतात हा धंदा औपचारिकपणे 1988 साली आला. नारायणन वाघुळ यांच्या आयसीआयसीआयने युनिट ट्रस्टबरोबर बंगळुरूला टीडीआयसीआय ही कंपनी काढली, आणि तिच्या प्रमुखपदी होते किरण नाडकर्णी. संगणक आज्ञावली म्हणजे तारण ठेवता येईल अशी वस्तू नव्हे, अशी बँकांची खात्री असण्याचा तो काळ. मुंबईच्या मास्टेक या सॉफ्टवेअर कंपनीत टीडीआयसीआयने पैसा घातला. त्याआधीच, वाघुळांच्या पाठिंब्याने, किरण मुजुमदार-शॉ यांच्या बायोकॉनला आयसीआयसीआयचे असेच जोखमीचे भांडवल मिळाले होते. पुढे 1995च्या सुमारास बिल ड्रेपर हे अमेरिकन गृहस्थ भारतात पैसा लावायला आले, तेव्हा त्यांनीही नाडकर्णींनाच बरोबर घेतले. मुंबईच्या रेडिफमध्ये त्यांचा पैसा होता. नाडकर्णींचे नाव आज तरुणांना माहीत नाही. या पुस्तकामुळे ते चार लोकांच्या तोंडी आले तरी मला समाधान आहे.

पुढचा टप्पा भराभर उरकतो, कारण तो वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचला आहे. व्हेंचर फंडांसाठी सेबीचे नियम 1996 साली आले. 2000 साली इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. 2006च्या आसपास सिकोया, नेक्सस, सीडफंड, मुंबई एंजल्स अशी गुंतवणूकदारांची दुसरी लाट आली. अ‍ॅक्सेल या फर्मने फ्लिपकार्टमध्ये सुरुवातीलाच पैसा घातला, आणि 2018 साली वॉलमार्टने 16 अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा बहुतांश हिस्सा घेतला. त्या वेळी दोघा संस्थापकांकडे प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आसपास मालकी उरली होती. हा आकडा वाचून काहीजण हळहळतात, काहींना त्या पाच टक्क्यांची रक्कम दिसते. दोघांनीही हे पुस्तक वाचावे.

परदेशी गेलेल्या मराठी नावांचाही एक धागा आहे. जमशेदपूरला वाढलेले सुहास पाटील एमआयटीत शिकले, त्यांनी सिरस लॉजिक ही चिपची कंपनी उभारली, आणि 1992 साली सिलिकॉन व्हॅलीत 'टाय' ही संस्था काढणाऱ्यांत ते होते. पुढच्यांना सल्ला आणि पैसा देणे हे तिचे काम. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी उभारून, विकून, मग बो कॅपिटलमार्फत गुंतवणुकीकडे वळले. लाइटस्पीड या नावाजलेल्या फर्मच्या संस्थापकांत रवी म्हात्रे आहेत.

विनोद खोसला मराठी नाहीत, पण 1955 साली ते पुण्यात जन्मले, आणि त्यांच्याविषयी आपल्या भागातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. दिल्लीच्या आयआयटीतून बाहेर पडल्यावर त्यांनी पहिला धंदा करून पाहिला तो सोयाबीनच्या दुधाचा, ज्यांच्या घरी फ्रीज नाही अशांसाठी. तो जमला नाही. लातूर-नांदेडच्या सोयाबीन पट्ट्यात आज कुणी ही कल्पना मांडली तर आपण काय म्हणू, याचा विचार करावा. पुढे ते अमेरिकेत गेले, 1982 साली सन मायक्रोसिस्टिम्स उभारण्यात त्यांचा वाटा राहिला, 1986 साली क्लायनर पर्किन्समध्ये आले, ज्युनिपर नेटवर्क्सच्या गुंतवणुकीतून त्या फर्मला कित्येक अब्ज डॉलर मिळाले, आणि 2004 साली त्यांनी स्वतःची फर्म काढली. त्यांनीच पैसा लावलेली कियॉर ही जैवइंधन कंपनी 2014 साली दिवाळखोरीत गेली. कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्याची जमीन घेऊन लोकांचा रस्ता अडवल्याबद्दल त्यांच्यावर वर्षानुवर्षे खटले चालले. पैसा लावण्यातली दृष्टी आणि शेजाऱ्याशी वागण्यातली दृष्टी एक असतेच असे नाही.

खोसलांचे नाव आणखी एका प्रकरणात येते आणि ते आपल्या सीमेपासून फार दूर घडले नाही. हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्समध्ये त्यांचा आणि सिकोयाचा पैसा होता. बायकांच्या गटांना छोटी कर्जे देणारी ही संस्था ऑगस्ट 2010 मध्ये शेअरबाजारात आली, भाव चढला. ऑक्टोबरमध्ये, वसुलीच्या तगाद्याने आत्महत्या झाल्याच्या तक्रारींनंतर, आंध्र सरकारने वटहुकूम काढला आणि वसुली ठप्प झाली. ज्या भांडवलाला भराभर वाढ हवी असते ते गरिबांच्या कर्जात शिरले की काय होते, याचा हा धडा. तोटा वाटून घेणाऱ्याचा पैसा इथे तोटा न सोसू शकणाऱ्याच्या दारात सावकार होऊन उभा राहिला. या प्रकरणी पुस्तकाचा सूर मला थोडा मवाळ वाटला, हेही नोंदवतो.

तरीही मुंबईत वेगळे प्रयोग चालू होते. विनीत राय यांनी 2001-02 मध्ये आविष्कार सुरू केले, मोठ्या शहरांबाहेरच्या धंद्यांत संयमाने पैसा घालण्यासाठी. पुण्याच्या अ‍ॅग्रोस्टारमध्ये त्यांनी पैसा घातला. मार्क कान आणि जिनेश शहा यांच्या ऑम्निव्होरने केवळ शेतीशी संबंधित कंपन्या निवडल्या. स्कायमेट ही हवामान कंपनी त्यातली. पीकविम्यासाठी पावसाचा आकडा कुठून येतो हे विचारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती परकी वाटू नये. आणि 2022 साली विलास शिंदे यांच्या नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये उभे केले. पैसा उपकंपनीत आला, शेतकऱ्यांची मूळ उत्पादक कंपनी तिच्यावर मालकी ठेवून राहिली. सहकाराची वाटणी आणि भागीदाराचा जाब, दोन्ही एकत्र बसवायचा हा मला माहीत असलेला सर्वांत गंभीर मराठी प्रयत्न आहे.

बाहेरचा पैसा कधी घ्यावा याचाही एक मराठी नमुना आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. भाऊ संजय यांच्यासह त्यांनी पुण्यात क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली. 2010 साली सिकोयाचे 60 कोटी आले तेव्हा कंपनी स्वतःच्या पायावर उभी होती. गरजेपोटी घेतलेला पैसा आणि निवडीने घेतलेला पैसा यांच्या करारातली भाषा वेगळी असते.

हे पुस्तक आत्ता का? टीव्हीवर शार्क टँक पाहून आमच्या बारावीच्या मुलांच्या तोंडीही 'इक्विटी', 'व्हॅल्युएशन' हे शब्द आले आहेत. केंद्र सरकारने 2016 साली सिडबीमार्फत 10,000 कोटींचा फंड ऑफ फंड्स जाहीर केला, 2024 साली स्टार्टअपना मिळणाऱ्या गुंतवणुकीवरचा एंजल टॅक्स रद्द केला. छत्रपती संभाजीनगरला 'मॅजिक' ही उद्योजकतेला हात देणारी संस्था उभी आहे. शब्द आले, योजना आल्या. शब्दांमागची माणसे आणि त्यांचे हिशेब मात्र इंग्रजीतच राहिले. दुसरीकडे 2022 साली 22 अब्ज डॉलरची म्हटली जाणारी बायजूज दोन वर्षांत दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. जपानच्या मासायोशी सन यांनी 2000 साली अलीबाबात 2 कोटी डॉलर घालून अब्जावधी मिळवले, आणि नंतर वीवर्कमध्ये तितक्याच आत्मविश्वासाने अब्जावधी घालवले. चढती आणि उतरती बाजू एकाच माणसाच्या चरित्रात पाहायला मिळणे, हे आजच्या तरुणाला कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा उपयोगी आहे.

लेखकाने कुणाचीही आरती केलेली नाही आणि कुणाला चोरही ठरवलेले नाही. प्रत्येक आयुष्यात त्याने तीन गोष्टी शोधल्या आहेत : पैसा कुणाचा होता, पहिला होकार कशाच्या जोरावर दिला, आणि डाव फसल्यावर तो माणूस संस्थापकाशी कसा वागला. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मिळवणे सर्वांत अवघड, आणि पुस्तकातली सर्वांत वाचनीय पानेही तीच. स्त्रियांची संख्या कमी आहे, ती या व्यवसायातच कमी आहे. आयसीआयसीआय व्हेंचर सांभाळून पुढे मल्टिपल्स उभारणाऱ्या रेणुका रामनाथ किंवा कलारीच्या वाणी कोला यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. तांत्रिक शब्द शक्य तिथे सोपे केले आहेत, जिथे बाजारात इंग्रजीच चालते तिथे तेच ठेवले आहेत.

नायगाव, नरसी, देगलूर, मुखेड, उदगीरकडच्या ज्या मुलामुलींना हैदराबाद-पुण्याला जाऊन कुणासमोर आपली कल्पना मांडायची आहे, त्यांना एक विनंती. पुस्तक चाळून झाल्यावर रॉक आणि फेअरचाइल्डचे प्रकरण पुन्हा वाचा. तुमच्या करारात संपूर्ण कंपनी विकत घेण्याचा हक्क कुणाला आहे, कंपनी विकली गेल्यास आधी पैसे कोण उचलणार, आणि पुढच्या फेरीनंतर तुमच्याकडे किती टक्के उरणार, हे तीन आकडे आणि कलमे स्वतः कागदावर मांडा. मग तो कागद या विषयातल्या वकिलाला दाखवा, आणि त्यानंतरच सही करा.

नायगाव (जि. नांदेड)